मामा असंच करतो

मागच्या शनिवारी ताईकडे गेलो होतो. वीकेंडला लॅपटॉप उघडायचा नाही असं ठरवलं होतं, पण सोमवारी रिलीज, त्यामुळे तो बरोबर होताच. जेवणं झाली, ताई ओटा आवरत होती, भाऊजी फोनवर, आणि मी सोफ्यावर लोळत पडलेलो. तेवढ्यात ताई एकदम किंचाळली.

आमचा भाचा, वय वर्षं साडेतीन, भिंतीपाशी मांडी घालून बसला होता. माझ्या बॉलपेनचं टोक त्याने सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात अगदी व्यवस्थित खुपसलं होतं, आणि दुसऱ्या हातात ताईची केसांची पिन होती. ताईने त्याला मागे ओढलं आणि पाठीत एक धपाटा घातला. तो रडला नाही. काय चुकलं हेच न कळल्यासारखा आमच्याकडे बघून म्हणाला, "मामा असंच करतो."

आता हे शंभर टक्के खरं आहे. माझा चार्जर दोन पिनांचा. ताईकडचे सॉकेट तीन भोकांचे, आणि त्यांना आतून पडदा आहे. अर्थिंगची लांब पिन वरच्या भोकात गेली की तो पडदा सरकतो आणि खालची दोन भोकं उघडतात. दोन पिनांच्या प्लगला ही लांब पिनच नाही. मग आपण काय करतो? वरच्या भोकात पेन खुपसायचं, पडदा सरकवायचा आणि चार्जर घुसवायचा. हात वर करा, कोणी कोणी केलंय! आमच्या ऑफिसात तर इलेक्ट्रिकलचे इंजिनियरसुद्धा हेच करतात.

मी त्या संध्याकाळी जरा जास्तच गप्प होतो. कारण माझ्या उजव्या हाताची तर्जनी. ती मधल्या सांध्यात पूर्ण सरळ होत नाही. मी चार वर्षांचा असताना आजीचा आकडा घेतला आणि त्याची दोन टोकं बोर्डाच्या दोन भोकांत घातली. मोठा आवाज झाला, डोळ्यांसमोर निळा-पांढरा उजेड आला, फ्यूज उडाला आणि घरात अंधार. आजीने बोटाला टूथपेस्ट फासली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं, तिथे "वरवरचं आहे" म्हणून मलम लावून पाठवलं. बोट भरलं, पण भरता भरता आखडलं. आजही मी नऊ बोटांनीच कोडिंग करतो.

त्या रात्री झोप येईना म्हणून वाचत बसलो. लहान मुलांचे विजेने भाजलेले हात डॉक्टर बरे कसे करतात, आणि हे शिकले कधी? वाचता वाचता रविवारची पहाट झाली. जे हाती लागलं ते इथे मांडतोय. (आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. हा इतिहास आहे, उपचाराचा सल्ला नाही.)

*

आगीने भाजणं माणसाला गुहेत राहायचा तेव्हापासून माहीत आहे. विजेने भाजणं हे मात्र अगदी अलीकडचं दुखणं. आकाशातली वीज सोडली, तर माणसाने तयार केलेल्या विजेने झालेला पहिला मृत्यू म्हणून साधारणपणे १८७९ सालची घटना सांगतात. फ्रान्समधल्या लिऑन शहरात रंगमंचावर काम करणारा एक सुतार २५० व्होल्टच्या करंटने गेला. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत वीज जगभरच्या शहरांत पोचली. मुंबईत विजेची ट्राम धावली ती ७ मे १९०७ ला. वीज जिथे जिथे गेली तिथल्या डॉक्टरांपुढे एक अशी जखम येऊन उभी राहिली, जी त्यांच्या पुस्तकांत नव्हती.

या जखमेचा ज्याने आयुष्यभर पाठपुरावा केला तो माणूस म्हणजे व्हिएन्नाचा डॉक्टर स्टेफान येलिनेक. जन्म १८७१. विजेच्या अपघाताची बातमी लागली की हा गडी तिथे हजर. जळलेले कपडे, वितळलेल्या तारा, फुटलेले स्विच, जखमांचे मेणाचे साचे असं सगळं त्याने जमवलं आणि त्याचं एक संग्रहालयच उभं केलं. १९०३ साली त्याने विजेच्या इजांवर पुस्तक लिहिलं, आणि १९२९ साली व्हिएन्ना विद्यापीठाने खास याच विषयासाठी त्याला प्राध्यापक केलं. असं पद जगात पहिलंच म्हणतात. पुढे नाझी आले. येलिनेक ज्यू होता, त्यामुळे १९३९ मध्ये त्याला इंग्लंड गाठावं लागलं. त्याने जमवलेल्या वस्तू आज व्हिएन्नाच्या तंत्रज्ञान संग्रहालयाकडे आहेत.

येलिनेकने एका खुणेकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं. करंट शरीरात जिथून शिरतो तिथे एक लहानसा, करडा-पांढरा, टणक, कडा उचललेला डाग पडतो. त्याने त्याला जर्मनमध्ये नाव दिलं, 'श्ट्रोममार्क', म्हणजे करंटची खूण. मजा अशी की (मजा कसली!) तो डाग दुखत नाही. उकळता चहा सांडला तर पोर घर डोक्यावर घेतं. विजेने बोट भाजलं तर थोडा वेळ रडतं आणि खेळायला लागतं, कारण त्या जागेची संवेदनाच गेलेली असते. आईबापांना वाटतं, चला, थोडक्यात निभावलं. माझ्या घरीही हेच वाटलं होतं.

येलिनेकचं १९३१ सालचं एक पुस्तक आहे, विजेपासून बचाव, १३२ चित्रांत. प्रत्येक चित्रात कोणीतरी काहीतरी साधीशी चूक करतंय, आणि लाल बाण दाखवतात की करंट कुठून शिरला आणि कुठून बाहेर पडला. ती चित्रं नेटवर सापडतात. बघताना हसू येतं आणि दुसऱ्या क्षणाला अंगावर काटा येतो. मला ते लाल बाण फार आवडले, कारण डोळ्यांना जे दिसत नाही तेच ते दाखवतात. आणि या सगळ्या इतिहासातली मुख्य अडचणही तीच आहे. बाहेर दिसतो तो नुसता डाग, खरी इजा बाणाच्या वाटेवर आत असते.

*

आता थोडं इंजिनियरिंग. कंटाळू नका, दोनच परिच्छेद.

तारेतून करंट गेला की उष्णता तयार होते. तार जितकी बारीक, तितकी ती जास्त तापते. शरीराचंही तसंच. कातडीचा रोध मोठा, पण ती फुटली की आतला रक्तामांसाचा भाग खारट पाण्यासारखा, म्हणजे बऱ्यापैकी चांगला वाहक. १९७६ साली हंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग करून मांडलं की हात किंवा पाय हा एकाच जाड वाहकासारखा वागतो. मग सर्वात जास्त नुकसान कुठे? जिथे हा वाहक सर्वात बारीक आहे तिथे, म्हणजे बोटं आणि मनगट. आता तीन वर्षांच्या मुलाचं मनगट डोळ्यांसमोर आणा. माझ्या अंगठ्याहून थोडंसंच जाड असेल. करंट तोच, वाट अर्ध्याहून अरुंद. त्यात मनगटातून काय काय जातं? बोटं हलवणारे सगळे टेंडन, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू. एवढ्याशा जागेत सगळी वायरिंग!

तरीही एक कोडं उरत होतं. कधीकधी पेशी तेवढ्या तापलेल्याच नसत, तरी मरत. उत्तर दिलं राफाएल ली या माणसाने. हा सर्जन तर आहेच, पण त्याने एमआयटीतून इंजिनियरिंगची डॉक्टरेटही केलेली. १९८७ साली त्याने दाखवलं की जोरदार विद्युतक्षेत्रात पेशींच्या आवरणाला सूक्ष्म भोकं पडतात. स्नायू आणि मज्जातंतूंच्या पेशी लांबट, म्हणून त्यांच्यावर परिणाम जास्त. पेशी जळत नाही, गळते, आणि हळूहळू मरते. ही भोकं बुजवणारं एक रसायन त्याने प्रयोगशाळेतल्या प्राण्यांवर वापरून पाहिलं आणि १९९२ साली तसा निबंधही छापला. ते रोजच्या उपचारात काही आलं नाही, पण डॉक्टरांना एका जुन्या प्रश्नाचा उलगडा झाला. पहिल्या दिवशी जिवंत दिसलेला स्नायू तिसऱ्या दिवशी मेलेला का सापडतो?

*

हा प्रश्न महत्त्वाचा, कारण उपचारांचा सगळा वाद याच्याभोवतीच फिरत राहिला. थांबायचं की कापायचं?

येलिनेकचा कल थांबण्याकडे होता. घाईने हात कापू नका, शरीराला वेळ द्या. पण मेलेलं मांस आत राहिलं की जंतू माजतात. शिवाय मेलेल्या स्नायूंतून रक्तात उतरणारा मायोग्लोबिन नावाचा पदार्थ मूत्रपिंडं बंद पाडतो. हे कळायला एक युद्ध लागलं. १९४०-४१ मध्ये लंडनवर बॉम्ब पडत होते. ढिगाऱ्याखालून जिवंत काढलेली माणसं सुरुवातीला ठणठणीत दिसत, आणि काही दिवसांनी लघवी बंद होऊन दगावत. एरिक बायवॉटर्स या डॉक्टरने १९४१ मध्ये चिरडलेल्या स्नायूंचा आणि मूत्रपिंडांचा हा संबंध मांडला. मोठा शॉक लागलेल्या मुलाच्या लघवीचा रंग काळ्या चहासारखा झाला की आज डॉक्टर लगेच सावध होतात आणि शिरेतून भरपूर पाणी देतात, त्याच्या मुळाशी ही युद्धातली शिकवण आहे.

दुसरी शिकवण त्याहून जुनी. जर्मनीतल्या रिचर्ड फोन फोल्कमानने १८८१ साली नोंदवलं होतं की घट्ट बांधलेल्या हाताचा रक्तपुरवठा तुटला तर स्नायू मरतात आणि हाताचा कायमचा पंजा होतो. कोपराचं हाड मोडलेल्या मुलांमध्ये हे विशेष दिसायचं. विजेच्या इजेत बाहेरून पट्टी नसते, पण आतून तेच होतं. पुढच्या हाताचे स्नायू एका चिवट आवरणात गुंडाळलेले असतात. ते सुजतात, आवरण ताणत नाही, आत दाब वाढतो आणि रक्त थांबतं. मग सर्जन कातडी आणि ते आवरण लांबच्या लांब चिरून मोकळं करतात. बाहेर बसलेल्या आईबापांना वाटतं, डॉक्टरांनी पोराचा हात फाडून ठेवला. खरं तर हात वाचवायला तेवढाच मार्ग असतो, आणि त्यासाठी वेळ मोजायचा तो तासांत, दिवसांत नाही.

दुसऱ्या महायुद्धाने आणखी एक गोष्ट शिकवली, ती खास हातांबद्दल. १९२५ पासून भाजलेल्या जखमेवर टॅनिक अॅसिड लावायची पद्धत रूढ झाली होती. चामडं कमावतात ना, तसंच. वर कडक खपली धरायची, रुग्ण वाचायचा, पण बोटं त्या कडक कवचात आखडून जायची. इंग्लंडमधल्या ईस्ट ग्रिन्स्टेड गावी आर्चिबाल्ड मॅकिंडो हा सर्जन विमानात होरपळलेल्या वैमानिकांवर उपचार करत होता. त्याने या पद्धतीविरुद्ध आवाज उठवला. समुद्रात पडलेल्या वैमानिकांच्या जखमा बऱ्या भरतात हे त्याच्या लक्षात आलं होतं, म्हणून त्याने मिठाच्या पाण्याचे टब सुरू केले. जखम ओली आणि स्वच्छ राहायची, आणि पाण्यात बोटं हलवता यायची. हात नुसता भरून भागत नाही, तो हलला पाहिजे, हे त्याने सगळ्यांना पटवलं.

आणि मग १९७० साली एक धाडसी निबंध आला. तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या मारिबोर गावातल्या झोरा यान्झेकोविच या सर्जनबाईंचा. (आज ते गाव स्लोव्हेनियात आहे.) त्यांचं म्हणणं, भाजलेली कातडी आपोआप गळून पडेपर्यंत तीन-तीन आठवडे थांबू नका. पहिल्या काही दिवसांतच मेलेला थर पातळ पातळ तासत जा, खालून ताजं रक्त दिसलं की थांबा आणि लगेच नवी कातडी लावा. आगीच्या जखमांच्या उपचारात याने क्रांती झाली.

विजेच्या जखमेला मात्र हे जसंच्या तसं लागू पडेना. तासून तासून थांबायचं कुठे? मेलेल्या आणि जिवंत भागाची सीमा पहिल्या दिवशी स्पष्टच नसते. म्हणून थांबायचं की कापायचं या वादाचं उत्तर निघालं ते 'दोन्ही' असं. आज दाब मोकळा करा, नक्की मेलेलं तेवढं काढा, बाकीचं झाका. दोन-तीन दिवसांनी पुन्हा भूल देऊन उघडून बघा, मग पुन्हा. मुलाच्या हाताच्या बाबतीत सर्जन एकेक मिलिमीटरला जपतात, कारण अंगठा थोडा जरी उरला तरी पुढे पेन्सिल धरता येते.

*

मेलेलं काढून झालं की प्रश्न येतो, झाकायचं कशाने?

साधं उत्तर म्हणजे मांडीची कातडी सोलून लावायची. १८६९ साली पॅरिसमध्ये जाक-लुई रेव्हेर्दॅं याने कातडीचे बारीक बारीक तुकडे जखमेवर रुजवून दाखवले, तिथून हे शास्त्र वाढलं. पण सोललेली कातडी म्हणजे उपटलेलं रोप. खाली ओलावा आणि रक्त असेल तरच ती जगते. विजेने मनगटावरचे टेंडन आणि हाड उघडं पडलेलं असलं तर तिथे ती रुजत नाही. तिथे मुळासकट मातीचं ढेकूळ लागतं, म्हणजे स्वतःच्या रक्तवाहिनीसह आलेला कातडीचा आणि चरबीचा जाड तुकडा. सर्जन त्याला फ्लॅप म्हणतात.

फ्लॅपच्या इतिहासात आपलं पुणं येतं! टिपूच्या लोकांनी नाक कापलेला कावसजी नावाचा एक बैलगाडीवान इंग्रजांच्या फौजेबरोबर होता. त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून पुण्यातल्या एका देशी कारागिराने त्याला नवं नाक करून दिलं. वाकवलेली कातडी रुजेपर्यंत भुवईपाशी जोडलेलीच ठेवली होती, म्हणजे रक्तपुरवठा चालू. हे वर्णन १७९४ साली लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आलं, आणि ते वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने १८१४ मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. सुश्रुतापासून चालत आलेली विद्या अशी साहेबाच्या देशात पोचली.

हातासाठी याच तत्त्वाची मोठी पायरी १९७२ साली ग्लासगोत चढली गेली. इयन मॅकग्रेगर आणि इयन जॅक्सन यांनी दाखवलं की जांघेतल्या कातडीला स्वतःची ठरलेली रक्तवाहिनी आहे, त्यामुळे तिथला लांब तुकडा एका टोकाला जोडलेला ठेवून हातावर शिवता येतो. सुमारे तीन आठवडे हात जांघेला शिवलेला. तेवढ्यात तुकडा हाताकडून रक्त घ्यायला शिकतो, मग दुसरं टोक कापायचं. वाचायला सोपं आहे. पण चार वर्षांच्या मुलाला तीन आठवडे एक हात जांघेला बांधून ठेवायचं? रात्री झोपेत वळलं तर? शी-शूचं काय? ही शस्त्रक्रिया सर्जन जितकी पार पाडतो तितकीच उशाशी बसलेली आईही पार पाडत असते. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडायचं तंत्र आलं, दुसरीकडचा तुकडा थेट आणून बसवता येऊ लागला. तरीही जांघेचा फ्लॅप आजही वापरात आहे, कारण त्याला महागडी यंत्रं लागत नाहीत.

एवढं सगळं नीट झालं तरी मुलांच्या बाबतीत गोष्ट संपत नाही. मोठ्या माणसाचा हात भरला की भरला. मुलाचा हात वाढत असतो. हाडं लांब होतात, पण व्रण काही ताणत नाही. मग पाचव्या वर्षी सरळ केलेलं बोट आठव्या वर्षी पुन्हा वाकतं, पुन्हा ऑपरेशन, बाराव्या वर्षी पुन्हा. अमेरिकेत गॅल्व्हेस्टनच्या मुलांच्या बर्न्स हॉस्पिटलमधल्या लार्सन आणि सहकाऱ्यांनी १९७१ साली दाखवलं की व्रणावर सतत दाब ठेवला आणि स्प्लिंटने सांधा ताणलेला ठेवला तर आखडणं पुष्कळ कमी होतं. म्हणून ही मुलं महिनोन्महिने, दिवसरात्र, घट्ट इलॅस्टिकचे हातमोजे घालून असतात. शाळेत, उन्हाळ्यात, खेळताना. माझ्या बोटाला तेव्हा एक साधा स्प्लिंट मिळाला असता तर कदाचित मी आज दहा बोटांनी टाईप केलं असतं. असो.

*

हे सगळं परदेशातलं झालं. आपल्याकडे? स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अँटिया यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. ते इंग्लंडमध्ये हॅरोल्ड गिलीज यांच्या हाताखाली शिकून आले होते. पण मला सगळ्यात भावलं ते परळच्या वाडिया बालरुग्णालयातलं काम. भाजलेल्या जखमा झाकायला तयार परदेशी ड्रेसिंग परवडत नव्हती. डॉ. केसवानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उकडलेल्या बटाट्याच्या साली गॉझवर बसवून, निर्जंतुक करून त्याच्या पट्ट्या केल्या. १९८५ साली 'बर्न्स' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात त्यावर निबंध आला. सालीखाली जखम ओलसर राहते, सुकून चिकटत नाही, आणि पट्टी बदलताना मूल ओरडत नाही. सोलापूरच्या डॉ. सुब्रमण्यम यांनी १९९१ मध्ये मधावर अभ्यास केला, आणि २००३ मध्ये सायनच्या डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाच्या ड्रेसिंगवर. (हे वाचून घरी बटाटे उकडायला घेऊ नका! ते निर्जंतुक करून, वरवरच्या जखमांवर, हॉस्पिटलात वापरलेलं आहे. विजेच्या खोल जखमेवर घरचं काहीच लावायचं नाही. टूथपेस्ट तर नाहीच.)

*

पहाटे चारच्या सुमारास मला एक गोष्ट जाणवली. येलिनेकपासून लीपर्यंत एवढी हुशार माणसं, एवढी शस्त्रक्रिया, आणि तरी कोणीही मुलाला मूळचा हात परत देऊ शकलेला नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शनमध्ये डेटा उडाल्यावर कितीही चांगली टीम बसवा, सगळा परत येत नाही. खरा उपाय आधीच करावा लागतो. आणि तो केला इंजिनियरांनी.

पहिली कॅरोलाइन हॅस्लेट. ब्रिटनमध्ये इंजिनियर स्त्रियांची संघटना १९१९ साली सुरू झाली, तिची पहिली सचिव. दुसरं महायुद्ध चालू असतानाच युद्धानंतरच्या घरांत वायरिंग कसं असावं हे ठरवायला एक समिती बसली. वीस सभासदांत ही एकटी बाई. १९४४ च्या अहवालात स्पष्ट लिहिलं गेलं की लहान मुलांच्या सुरक्षेसाठी सॉकेटच्या भोकांवर पडदा हवा. १९४७ च्या ब्रिटिश मानकात तो आला. आपल्याकडचे गोल पिनांचे सॉकेट त्याआधीच्या, १९३४ च्या ब्रिटिश पद्धतीचे वंशज. पण अर्थची लांब पिन आधी आत जाऊन पडदा उघडते ही युक्ती आपल्या चांगल्या सॉकेटमध्येही आहे. मी रोज पेनाने हरवतो ती हीच युक्ती.

दुसरा चार्ल्स डॅल्झील, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचा प्राध्यापक. करंट लागलेला माणूस तार सोडू का शकत नाही? कारण मूठ मिटणारे स्नायू उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा ताकदवान. मग किती करंटपर्यंत सोडता येतं? त्याने १३४ पुरुष आणि २८ स्त्रिया अशा स्वयंसेवकांवर मोजलं. सरासरी आली पुरुषांची सुमारे १६ मिलिअँपियर आणि स्त्रियांची साडेदहा. मुलांचा आकडा आणखी कमी धरायचा. तुलनेसाठी, जुन्या १०० वॉटच्या बल्बमधून आपल्या २३० व्होल्टला साधारण ४३५ मिलिअँपियर जातात. म्हणजे घरातली फ्यूज किंवा एमसीबी माणसाला वाचवूच शकत नाही, ती वायर वाचवायला असते. म्हणून १९६१ च्या सुमारास डॅल्झीलने असा खटका बनवला की जो फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट ताडून बघतो. पाच मिलिअँपियरचा जरी फरक पडला, तरी कोणाच्या तरी अंगातून गळती होतेय असं समजून क्षणात बंद. आपल्याकडचा आरसीसीबी याच तत्त्वावर चालतो, घरात बहुधा ३० मिलिअँपियरचा.

आता यातली मेख बघा. माझ्यासारखं मुलाने पिनेची दोन टोकं दोन भोकांत घातली तर? करंट फेजमधून गेला आणि न्यूट्रलमधून परत आला. हिशोब जुळला! आरसीसीबीला काहीच कळणार नाही, आणि एमसीबी पडेपर्यंत ठिणगीने बोटं भाजलेली असतील. तिथे फक्त हॅस्लेटबाईंचा पडदाच कामाचा. उलट फ्रिजची बॉडी लाइव्ह झाली तर पडद्याचा उपयोग शून्य, तिथे डॅल्झीलचा खटका. म्हणून दोन्ही लागतात. आणि पेन खुपसलं की त्यातला एक आपणच काढून टाकतो, तोही मुलांच्या डोळ्यांदेखत.

*

रविवारी सकाळी हार्डवेअरच्या दुकानातून तीन पिनांचे चार अडॅप्टर आणले. ताईकडे दोन, माझ्याकडे एक, ऑफिसच्या बॅगेत एक. मग ताईच्या मीटरच्या बोर्डावरचा आरसीसीबी बघितला. त्यावर 'टी' लिहिलेलं एक छोटं बटण असतं, ते मधूनमधून दाबून बघायचं असतं. ताईला या घरात येऊन सहा वर्षं झाली, कोणी कधी दाबलं नव्हतं. मी दाबलं.

काहीच झालं नाही. पंखा आपला फिरतोय.

पुन्हा दाबलं. नाहीच. सहा वर्षं आम्ही त्याच्या भरवशावर होतो आणि तो भिंतीवर नुसता शोभेला बसलेला. मंगळवारी इलेक्ट्रिशियनने येऊन नवा बसवला.

तुम्ही हे वाचताय तो वीकेंडच असेल. उठा, घरचं ते बटण दाबून बघा. वीज गेली तर उत्तम, खटका वर करा आणि पुढे चला. नाही गेली तर इलेक्ट्रिशियनला फोन करा. बोर्डावर तसा खटकाच नसला तर आजच बसवायचं ठरवा. आणि कधी वेळ आलीच तर आधी मेन स्विच बंद, मग मुलाला हात लावायचा. डाग मुगाएवढा असला आणि पोर हसत असलं तरी सरळ हॉस्पिटल गाठायचं.

भाच्याला समजावायचं काम ताईने माझ्यावर टाकलं, ते बरोबरच होतं. मी त्याला मांडीवर घेतलं आणि माझं वाकडं बोट दाखवलं. म्हटलं, मामाने लहानपणी पिन घातली होती, त्याचं हे असं झालं. त्याने ते बोट दोन्ही हातांनी धरलं, सगळा जोर लावून सरळ करायचा प्रयत्न केला, आणि शेवटी विचारलं, "आता नाही होणार?"

नाही होणार, म्हटलं. आणि माझं पेन खिशात ठेवून दिलं.